बंबोबाच्या उत्तरपूजेस साहेबांनी स्वतः यावे याबद्दल

प्रति,
माननीय गट विकास अधिकारीसाहेब,
पंचायत समिती कार्यालय,
जिल्हा बुलढाणा.

अर्जदार : अन्नपूर्णाबाई भ्रतार महादेवराव खर्चे, वय बावन्न, धंदा घरकाम व नेमधर्म, राहणार मौजे वाघटाकळी.

विषय : गावचा आगीचा बंब वामनराव देशमुख यांच्या जिनिंग फॅक्टरीतून त्रिपुरी पौर्णिमेच्या आत बाहेर काढणे व तत्पूर्वी साहेबांच्या हस्ते त्याची उत्तरपूजा होणे याबद्दल.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस. ग्रामसेवक रामराव यांनी वसुबारसेच्या दिवशी ती आणून दिली. क्रमांक पुसट झाला आहे, कारण त्या वेळी बाईंचे हात गाईचे पाय धुऊन ओले होते.

महोदय,

सविनय निवेदन असे की, वरील नोटिशीत अर्जदार बाईंना विचारले आहे : "आपण सरकारी व खाजगी भागीदारीतील आगीच्या बंबाभोवती रोज फेऱ्या घालून लोकांत अंधश्रद्धा पसरविली व आणीबाणीच्या प्रसंगी यंत्रणा निकामी केली, सबब आपणावर कारवाई का करू नये?" त्याचे उत्तर क्रमाने खालीलप्रमाणे. उत्तर थोडे लांबले आहे. बाईंचे यजमान महादेवराव म्हणाले, "खरं लिवलं का अर्ज वापस येते. दोन ओळीत माफी मांग अन मोकळी हो." परंतु चातुर्मासात बाईंचा खोटे न लिहिण्याचा नेम आहे आणि चातुर्मास अद्याप संपावयाचा आहे.

१. बाईंचा नेम असा. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, मग मारुतीच्या देवळात जाऊन अकरा प्रदक्षिणा, शनिवारी रुईच्या पानांची माळ. लग्न होऊन या गावात आल्यापासून यात खंड नाही. प्रदक्षिणा मारुतीच्या. बंबाच्या नव्हेत.

२. गेल्या उन्हाळ्यात खालच्या आळीतील गोठे जळाले. त्यावर साहेबांनी योजना काढली की संकटाची तयारी एकट्या सरकारने किंवा एकट्या धनिकाने करू नये, दोघांनी मिळून करावी. योजना चांगली होती. वामनरावांनी आपल्या जिनातला चाकांचा बंब दिला. दोन्ही बाजूंनी माणसांनी दांडा मारला की पाणी फेकणारा, जुना पण धडधाकट. सरकारने रबरी पाईप, लाल रंग आणि फलक दिला. ग्रामपंचायतीने जागा दिली ती मारुतीच्या आवारात, प्रदक्षिणेच्या वाटेवर, कारण फोटो तेथून चांगला येतो असे रामराव म्हणाले. बंब लांबून दिसावा म्हणून कमरेइतका चौथरा बांधला. चाकांची वस्तू चौथऱ्यावरून खाली कशी यावी, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. बाईंनी विचारले होते. परंतु बाईंचा आवाज मुळात हळू. जन्मात त्यांनी ओरडून गायसुद्धा हाकललेली नाही. त्यामुळे ते कोणाच्या कानी गेले नाही.

३. उद्घाटनाचा दिवस साहेबांना आठवत असेलच. वामनरावांनी बोलावलेल्या गुरुजींना यंत्राच्या पूजेची पोथी सापडेना. गणपतीच्या प्रतिष्ठेचे मंत्र मात्र त्यांना तोंडपाठ होते. दक्षिणा पूर्ण मिळणार होती, म्हणून त्यांनी पूजाही पूर्ण केली. साहेब पाटावर यजमान म्हणून बसले. संकल्पाला गोत्र विचारले तेव्हा साहेबांना ते आठवेना. आठवत नसले की कश्यप धरतात, तसे धरले. साहेबांनी बंबाला गंध लावले, अक्षता वाहिल्या, प्राण आणण्याचा मंत्र होईपर्यंत त्याच्या पोटाला दर्भ टेकवून ठेवला, नारळ वाढवला, हार घातला आणि भाषणात सांगितले, "या बंबावर विश्वास ठेवा. संकटात हाच तुमच्या हाकेला धावेल." मग दांडा मारून पाणी उडवून दाखवले. ते लोकांनी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावले. साहेबांच्या सौभाग्यवतींनीही लावले. याचा राग मानू नये, बाई शेजारीच होत्या.

त्यानंतर साहेब मोटारीत बसून गेले. उत्तरपूजा कोणी केली नाही.

४. आता साहेबांनी शांतपणे विचार करावा. लाल रंग दिलेली वस्तू, चौथऱ्यावर बसवलेली, मारुतीशेजारी, प्राणप्रतिष्ठा झालेली, आणि ज्यावर सरकारचा विश्वास आहे, तिला या जिल्ह्यातील बाईमाणूस काय समजेल? बाई मारुतीला प्रदक्षिणा घालीत. मध्ये बंब असल्यामुळे तोही आतच सापडे. बाकीच्या बायांनी पाहिले की नेमाची बाई रोज त्याला वळसा घालते, त्या अर्थी त्यात काही असेल. त्यांनी बाईंना विचारले नाही. विचारले असते तर बाईंनी सांगितले असते. हळू आवाजात का होईना, सांगितले असते.

आषाढ संपतो न संपतो तोच बंबाचे नाव बंबोबा पडले. दांड्याला हिरव्या बांगड्या आल्या. पितळी तोटी चिंचेने घासून लख्ख होऊ लागली. चाकांना दोरे बांधले गेले. शेजारच्या शालूबाईंची म्हैस सरळ व्याली, तो पहिला नवस. त्यांच्या लेकीच्या सासरचे लोक साखरखेर्ड्याचे, ते पुरणाचा नैवेद्य घेऊन आले. शालूबाई सगळ्यांना सांगत, "पाहा व माय, बंबोबा बसला तवापासून साऱ्या सावनात गावाले आग लागली नाई." श्रावणभर पाऊस होता, गोवऱ्यासुद्धा पेटत नव्हत्या, हे बाईंनी त्यांना सांगितले. त्यावर शालूबाई म्हणाल्या, "पाऊस तरी कोनं पाडला मंग?" याचे उत्तर साहेबांना येत असल्यास कळवावे.

५. पूर्वी गावात आगीची भीती होती, म्हणून घरोघरी रांजण भरलेला असे आणि दाराशी ओले पोते असे. बंबोबा आल्यावर भीती गेली. भीतीबरोबर रांजणातले पाणीही गेले. भागीदारीतून दर महिन्याला तालीम व्हावयाची ठरली होती. वामनराव म्हणत, तालीम सरकारने घ्यावी. रामराव म्हणत, बंब वामनरावांचा आहे, त्यांनी माणसे द्यावीत. दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास होता, त्यामुळे कोणीच काही केले नाही. दसऱ्याला मात्र दोघांनी मिळून बंबाला रंगाचा दुसरा हात दिला. सरकारचा डबा अर्धाच होता, त्यात वामनरावांनी आपल्या गाड्यांचा उरलेला रंग ओतला. तो रंग आजतागायत वाळलेला नाही.

६. आश्विन वद्य तृतीयेस, दिवस कासराभर वर आला असता, खालच्या आळीतील दयारामच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. कशाने लागली यावर गावात मते आहेत, ती येथे लिहीत नाही. दयारामची चिलीम दयारामकडेच राहू द्यावी. गंजीला लागून जनकाबाई तायडे यांचे घर आहे. त्या बौद्ध आहेत, मजुरी करतात, घराला कुडाच्या भिंती व गवताचे छप्पर. वारा त्याच बाजूला होता.

सगळा गाव विहिरीकडे न जाता बंबाकडे धावला. येथपर्यंत साहेबांची योजना यशस्वी झाली असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु बसलेला देव उठवायचा म्हणजे कौल घेतल्याशिवाय कसा उठवावा, असा प्रश्न निघाला. मोठमोठे पुरुष चार पावले मागे सरले. शालूबाईंनी शेवंतीची दोन फुले ओली करून बंबाच्या पोटाला लावली. उजवे पडले तर हलवावा, डावे पडले तर हलवू नये. सगळे पाहत उभे राहिले. फुले पडेनात. रंगाला चिकटली ती चिकटली. उजवेही नाही, डावेही नाही. कोणी म्हणाले, देव रुसला. कोणी म्हणाले, नारळ आणा. बाई म्हणाल्या, "अगोदर घागरी आणा." ते कोणाला ऐकू आले नाही.

तेव्हा देवळाच्या कुसाच्या भिंतीपलीकडून जनकाबाई बोलल्या. त्या आत आल्या नव्हत्या. त्यांच्या लोकांनी आत येऊ नये अशी गावची जुनी वहिवाट. कायदा होऊन बरीच वर्षे झाली असे म्हणतात. तो गावात आला आणि त्या कुसाशी थांबला. गावासाठी असलेला बंब अशा जागी ठेवला की अर्ध्या गावाचा हात पोचू नये, हे बाईंना त्या दिवशी प्रथम दिसले. जनकाबाई म्हणाल्या, "कौल कायचा पाहून राह्यले? आग काई देवाले इचारून लागली नाई."

कोणी हलेना. मग त्या कूस ओलांडून सरळ आत आल्या. अडवण्याइतके भान कोणाला नव्हते, सगळ्यांचे डोळे फुलांवर होते. बंबाला खांदा लावून त्या म्हणाल्या, "मी याले हात जोडत नाई, म्हनून मले भेव नाई. ज्याले भेव असन त्यानं बाजूले व्हा." बाईंनी हातातले ताम्हन खाली ठेवले आणि दुसऱ्या बाजूने खांदा लावला. नेमाची बाई लागली म्हटल्यावर पुरुषही लागले. बंब चौथऱ्यावरून धाडकन खाली आला, चाके शाबूत राहिली, बांगड्या फुटल्या. ओढत आगीपाशी नेला. तेथे पाहतात तो पाईप नाही. पाईप हा सरकारचा हिस्सा असल्यामुळे रामरावांनी उद्घाटनाच्या संध्याकाळीच तो काढून तालुक्याच्या कचेरीत कपाटात ठेवला होता. किल्ली रामरावांकडे होती आणि रामराव मिटिंगला होते. मिटिंगचा विषय बाईंना ठाऊक नाही.

मग घागरी आल्या. विहिरीपासून गंजीपर्यंत माणसे उभी राहिली. कोणाचा हात कोणाच्या घागरीला लागला हे त्या दिवशी कोणी पाहिले नाही. बाकीची आळी वाचली. जनकाबाईंचे छप्पर खाली आले तेव्हा त्या बंबापाशीच उभ्या होत्या. शालूबाई रडत त्यांच्याजवळ गेल्या. जनकाबाई म्हणाल्या, "देव असता त मी त्याच्यावर रागावली असती. लोखंडावर कायले रागावू, बाई?"

या वाक्यानंतर बाईंचे दोन दिवस जपात मन लागले नाही.

७. दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाया बाजाराला गेल्या असता वामनरावांनी दोन बैलजोड्या पाठवून बंब उचलला व जिनात नेला. रामराव म्हणाले, गावात बंब सुरक्षित नाही असा साहेबांचा अहवाल आहे, तरी खाजगी भागीदाराने तो सांभाळावा. म्हणजे वामनरावांनी दिलेला बंब वामनरावांकडे गेला, सरकारचा पाईप सरकारच्या कपाटात राहिला, आणि गावाच्या हिश्शाला नोटीस आली. ती बाईंच्या नावे आहे.

हा भाग बाईंना मान्य आहे. ज्याच्या त्याच्या वाट्याचे ज्याला त्याला मिळावे. परंतु पुढचा प्रकार साहेबांच्या कानावर घातलाच पाहिजे, कारण त्यात वामनरावांचेही नुकसान आहे आणि बाईंना कोणाचे वाईट चिंतायचे नाही.

८. देव जेथे जातो तेथे नेम जातो. बायांच्या मते बंबोबा जळत्या घरासाठी स्वतः चौथऱ्यावरून उतरला, म्हणून तर वीसएक घरे वाचली. त्यांची श्रद्धा आगीनंतर दुप्पट झाली आहे. रोज सकाळी त्या पेटलेली निरांजने घेऊन जिनाच्या फाटकावर जातात. आत कापसाचे ढीग घरापेक्षा उंच लागले आहेत. हंगाम आहे, वेचणी जोरात आहे, फाटकातून गाड्या आत जातात आणि कापसाचे पुंजके वाऱ्यावर बाहेर येतात.

फाटकावर कडूबा पहारेकरी असतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "माय, आत कापूस हाय. दिवा फुका अन मंग या."

शालूबाई म्हणाल्या, "दिवा फुकून मालवत असतेत का रे? तुह्या मायनं तुले हेच शिकवलं?"

"मायनं शिकवलं, पन मालकानं येगळं सांगतलं. मी कोनाचं आयकू?"

"मंग तू असं कर. तोंड तिकडं फिरव."

कडूबाने तोंड तिकडे फिरवले नाही. वहाणा मात्र काढून ठेवल्या आणि फाटकाबाहेरूनच बंबोबाला हात जोडले. तेव्हापासून दिवे फाटकाशी जमिनीवर ठेवले जातात. दिवा फुंकायचा नाही, तेल संपून तो शांत व्हायचा. बाई रोज प्रदक्षिणा आटोपून पाण्याची घागर घेऊन तेथे जातात आणि शेवटचा दिवा शांत होईपर्यंत बसतात. तोंडाने जप चालू असतो, डोळे पुंजक्यांवर असतात. सध्या या जिनाची संकटकाळाची सगळी तयारी म्हणजे एवढीच : एक बाई व एक घागर. यात सरकार आणि खाजगी यांपैकी बाईंना कशात धरायचे ते साहेबांनी ठरवावे.

वामनराव परवा स्वतः बाईंकडे आले. ओसरीवर बसून म्हणाले, "बाई, तुमचं आयकतेत त्या. तुमी समजावा ना त्याईले."

बाई म्हणाल्या, "बंब परत द्या, वामनरावजी. मग बाया आपोआप यायच्या थांबतील."

"मी कसा देऊ? कागदावर त्यो आता साहेबाच्या हुकमानं माह्याकडं हाय. साहेबाची चिठ्ठी आना, आत्ता काढून देतो. माह्या जिवाले काय घोर कमी हाय?" पाणीसुद्धा न पिता ते गेले. माणूस घाबरलेला होता.

९. बंब हा देव आहे की लोखंड, असे नोटिशीत विचारलेले नाही, परंतु साहेबांच्या मनात ते असणार. बाईंचे म्हणणे एवढेच की ज्याच्यात आपण प्राण बोलावले, त्याला निरोप न देता लोखंड म्हणू नये. जनकाबाईंनी त्याला कधी बोलावले नाही, त्यांनी लोखंड म्हणावे, त्यांचा तो हक्क आहे. आपण आणि आम्ही बोलावून बसलो आहोत. अंधश्रद्धा सोडा असे परिपत्रक चावडीवर चिकटवल्याने तो उठत नाही. चिकटवले आहे. बायांनी त्यालाही हळदीचे बोट लावले. देव उठतो तो उत्तरपूजेने. अक्षता पडल्या, "पुन्हा या" म्हटले, स्थानावरून किंचित हलवले, की मागे उरते ती वस्तू. गणपती आपण असाच उठवतो व पाण्यात सोडतो, त्या वेळी कोणीही चार पावले मागे सरत नाही. बंबाचेही तसेच होईल. मग त्याला कोणीही ओढावे, कोणीही दांडा मारावा, कोणी फुले लावून बघत बसणार नाही.

ही पूजा गुरुजींनी एकट्याने करावी असे बाईंनी विचारून पाहिले. गुरुजी म्हणाले, ज्याने संकल्प केला तोच यजमान निरोपाला लागतो. गावाचेही तेच मत. दुसऱ्या कोणी केली तर शालूबाई मानणार नाहीत, आणि शालूबाईंनी मानले नाही तर गाव मानणार नाही. गावात कोणाचा विश्वास कोणावर आहे याची पाहणी साहेबांनी केव्हातरी करवून घ्यावी. आमच्याकडे तो सरकारवरून निघून बाईंवर येतो, बाईंवरून शालूबाईंवर, आणि तेथेच राहतो.

१०. तरी विनंती अशी की,

साहेबांनी त्रिपुरी पौर्णिमेपूर्वी कोणत्याही दिवशी सकाळी जिनात यावे. उपाशी यावे. पाट, तांब्या, अक्षता गावची राहतील. गोत्र कश्यपच सांगावे, आता मध्येच खरे आठवले तरी बदलू नये. पूजा होताच बंब फाटकाबाहेर काढण्याचा लेखी हुकूम वामनरावांस तेथल्या तेथे द्यावा. बंब मारुतीच्या आवारात परत ठेवू नये. चावडीपुढे चार वाटा मिळतात त्या सपाट जागी ठेवावा, जेथे येण्यास कोणालाही कूस ओलांडावे लागणार नाही. चौथरा नको. पाईप कपाटातून आणून बंबाला लावून ठेवावा व तो चोरीला गेल्यास बाई जबाबदार राहतील असे त्या येथे लिहून देत आहेत. पाण्याची पहिली तालीम जनकाबाई तायडे यांच्या नव्या छपरावर घ्यावी, म्हणजे त्याआधी ते छप्पर घालून देण्याचे सरकार व वामनराव यांना आठवेल. तोटी त्यांच्या हातात द्यावी. त्यांना विचारले आहे. त्या म्हणाल्या, "धरीन. पन फोटोले उभी राहनार नाई."

आणि नव्या जागी बंब ठेवताना नारळ, हार, कुंकू व भाषण यांपैकी काहीही करू नये, ही हात जोडून प्रार्थना.

११. मुदतीविषयी. त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढे त्रिपुरवात जाळण्याची चाल साहेबांच्या घरीही असेल. साडेसातशे पदरांची एकेक वात, तुपात भिजवलेली. साधे निरांजन थोड्या वेळात शांत होते. त्रिपुरवातीचे तसे नसते, तिची ज्वाळा हातभर जाते. गावातील बहुतेक घरी बायांनी वाती वळून ठेवल्या आहेत आणि त्या यंदा बंबोबापुढे, तो जेथे असेल तेथे, लावायचे ठरले आहे. रात्री फाटक उघडतो असे कडूबाने शालूबाईंना कबूल केले आहे, त्याच्याही घरी वात वळली आहे. बाईंनी बायांना समजावून पाहिले. त्या म्हणाल्या, "तुमी घागर घेऊन येजा ना, बाई." साडेसातशे पदरांना एक घागर पुरत नाही. आवाज चढवून कोणाला अडवणे बाईंच्या स्वभावात नाही, आणि देवाच्या दारातून पेटता दिवा परत फिरवणे त्यांच्या नेमात नाही. यंदाची वात त्यांनीही वळली आहे.

साहेबांच्या येण्याची वाट पाहत, हा अर्जच आमंत्रणाची अक्षता समजावा,

अन्नपूर्णा भ्र. महादेवराव खर्चे
(सही स्वहस्ते)
मौजे वाघटाकळी, कार्तिक शुद्ध सप्तमी, दिनांक ११ नोव्हेंबर १९६४

सोबत :
१) साहेबांची मूळ नोटीस, वाळवून.
२) शेवंतीची दोन फुले, रंगासह. आगीच्या संध्याकाळपर्यंतही पडलेली नव्हती, बाईंनी कापून काढली.
३) त्रिपुरवात एक नग, नमुन्यादाखल, तुपात भिजवलेली. कार्यालयात पेटवून पाहू नये, जवळ कागद फार असतात व पाईपही तेथल्याच कपाटात आहे.